तीन पत्तीतल्या शक्यता आणि डावपेच शिकायचे कसे? ब्लाइंड खेळणं खरंच फायद्याचं असतं का?

तुमच्या प्रश्नातला ब्लाइंडचा भाग वाचला आणि जुनी खपली निघाली, म्हणून लिहायला बसलोय. ब्लाइंड म्हणजे स्वतःची पानं न बघता खेळणं, चाल म्हणजे पैसे टाकून डावात राहणं, पॅक म्हणजे डाव सोडणं, शो म्हणजे पानं उघडून निकाल लावणं. बाकी साइड शो वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

शक्यता शिकायला अर्धा तास पुरतो. त्यासाठी यूट्यूबवर कुणाला पैसे देऊ नका. 52 पानांतून तीन पानं 22,100 तऱ्हांनी येतात. त्यात मोठ्यापासून लहानापर्यंत ट्रेल (तिन्ही पानं सारखी) 52, पक्की सिक्वेन्स (लागोपाठची तीन, सगळी एकाच जातीची, म्हणजे सगळी इस्पिक वगैरे) 48, साधी सिक्वेन्स (लागोपाठची, पण जात वेगळी) 720, कलर (एकाच जातीची, पण लागोपाठची नाहीत) 1,096, जोडी (दोन पानं सारखी) 3,744 आणि उरलेल्या 16,440 तिकड्या म्हणजे कचरा. हे पाठ करू नका, कागद घेऊन स्वतः काढा. एकदा काढलंत की जन्मभर विसरणार नाही. चारातल्या तीन वेळा हातात कचराच येतो, एवढं जरी डोक्यात बसलं तरी जोडी पाहून अंगावर काटा येणं थांबेल आणि कचरा पाहून चेहरा पडणंही. मात्र सहाजणांच्या डावात जोडीवर उड्या मारू नका. उरलेल्या पाचांत कुणाकडे तरी कलर किंवा त्याहून मोठं असण्याची शक्यता साधारण 36 टक्के असते. पोकर खेळून आलेली पोरं कलरला सिक्वेन्सच्या वर बसवतात. पाच पानांत ते बरोबर आहे, तीन पानांत उलटं. 720 आणि 1,096 हे आकडे बघा, कळेल.

आता त्याच यादीतली खोड पाहिलीत का? पक्की सिक्वेन्स 48 आणि ट्रेल 52. दुर्मीळ आहे पक्की सिक्वेन्स, पण वर बसलीय ट्रेल. म्हणजे पानांची उतरंड सगळी गणिताने ठरलेली नाही, कुणीतरी कधीतरी ठरवली आणि बाकीच्यांनी मान्य केली. मी पॉलिटेक्निकला गणित शिकवतो. हे मला वर्गात नाही, सासुरवाडीच्या पडवीत कळलं.

2011 चे गणपती. सासुरवाडी कुडाळजवळ. लग्नानंतरचं माझं दुसरंच वर्ष. रात्री भजन आटोपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाऊन भजनी मंडळी पुढच्या घरी गेली आणि पडवीत चटई पडली. बायकोचे थोरले काका, दोन चुलत मेहुणे, शेजारचे एक गृहस्थ, आत्याचा मुलगा आणि मी. बूट, म्हणजे सुरुवातीला प्रत्येकाने मधे टाकायचे पैसे, दोन रुपये. काका एसटीत कंडक्टर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. नोटांची घडी बोटांच्या बेचक्यात अडकवून बसायची सवय गेली नव्हती. खेळायचे कायम ब्लाइंड. पानं पालथी, त्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं. मी मनात म्हटलं, हा माणूस पैसे वाटायला बसलाय.

साडेबाराच्या सुमाराला मला एक्का-दुर्री-तिर्री आली. इस्पिकचा एक्का, बाकी दोन लाल. चारजण हळूहळू पॅक झाले. राहिलो काका आणि मी. काका ब्लाइंड दहा टाकत होते, मी पानं पाहिलेली म्हणून वीस. समोरचा ब्लाइंड असताना पानं पाहिलेल्याने शो मागायचा नाही, हा नियम त्या घरातही होता. त्यामुळे माझ्या हातात दोनच गोष्टी, चाल करा नाहीतर पॅक व्हा. मी चाल करत राहिलो. मध्येच लाइट गेली. आत्याच्या मुलाने मोबाइलचा टॉर्च धरला. त्या उजेडात काकांनी चष्म्याचं घर बाजूला केलं, पानं पाहिली, चष्मा काढून धोतराला पुसला, परत पाहिली. वीसची एक चाल, मग दुसरी. मग म्हणाले, "शो."

राजा-राणी-गुलाम. साधीच, पक्की नव्हे.

मी हात पुढे केला. माझे एकट्याचे दोनशे चाळीस गेले होते त्यात. एक्का-राजा-राणी एक नंबर, एक्का-दुर्री-तिर्री दोन नंबर, राजा-राणी-गुलाम तीन नंबर, हे मी डोंबिवलीच्या चाळीत चौथीत असताना शिकलो. काकांनी माझा हात शांतपणे बाजूला केला. "जावईबापू, एक्को-दुरी-तिरी ती सगळ्यात बारकी. आमच्या घरात असोच नियम आसा."

मेहुण्यांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "मी तर दोन नंबर ऐकलंय," आणि काकांची नजर फिरताच टॉर्चच्या उजेडात मच्छर मारू लागला. मी वाद घातला. जावयाने घालू नये इतका घातला. आतून बायको आली, काही बोलली नाही, दारात उभी राहून फक्त पाहिलं. आजी आतूनच ओरडल्या की सकाळी आरती आहे, झोपा आता. काकांनी पैसे उचलले.

सकाळी आरतीच्या वेळी काकांनी ती सगळी रक्कम, सुट्ट्या नाण्यांसकट, आरतीच्या ताटात टाकली. माझ्याकडे बघत. आता देवाच्या ताटातले पैसे मागणार कोण?

मी मुंबईला परत आलो आणि चवथीची सुट्टी संपायच्या आत वही काढली. काकांना गणिताने चीत करायचं ठरवलं होतं. तर गणित म्हणालं, मला यात ओढू नका. प्रत्येक साधी सिक्वेन्स बरोबर 60 तऱ्हांनीच येते. एक्का-दुर्री-तिर्री 60, राजा-राणी-गुलाम 60. कोणती मोठी, हे मोजून सांगता येतच नाही. माझा नियम धरला तर माझ्या पानांच्या वर 160 तिकड्या होत्या, काकांचा धरला तर 760. (माझ्या हातातली तीन पानं वजा केली की हे आकडे थोडे खाली येतात, पण ते सोडा.) 22,100 मध्ये हा फरक 600 चा, आणि काका नेमकी त्या सहाशेतलीच एक घेऊन बसले होते.

मग इतिहासाकडे वळलो. आपली तीन पत्ती इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या तीन पानी खेळावरून आली. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यात मोठी सिक्वेन्स, एक्का-राजा-राणीच्याही वर! हे मी पुढच्या वर्षी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग इंग्लंडात जावन खेळा."

पण त्याच वहीत दुसरं एक सापडलं आणि तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. 22,100 तिकड्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्या तर बरोबर मध्यावर काय येतं माहितीय? जोडी नाही, एक्काही नाही. राजा-दश्शी-दुर्री. म्हणजे समोर एकच माणूस असेल आणि तो ब्लाइंड असेल, तर राजा-दश्शीवर तुमचं पारडं निम्मं-निम्मं. पण तुम्ही दोन टाकता तेव्हा तो एक टाकतो. असं लांबपर्यंत चालणार असेल तर नुसतं निम्म्या वेळा जिंकून भागत नाही, तीनातली दोन वेळा जिंकावं लागतं. त्यासाठी लागतो एक्का-गुलाम किंवा त्याहून वरचं पान. एक्का-नव्वी, एक्का-दश्शी ही पानं दिसायला गोंडस, पण ब्लाइंडवाल्यासमोर ताणत बसण्यासारखी नाहीत. काका पैसे वाटायला नव्हते बसले. अर्ध्या भावात बसले होते आणि मी पूर्ण भाव देत होतो. वर, मला शो मागता येत नव्हता आणि त्यांना हवा तेव्हा मागता येत होता. कंडक्टरकी केलेल्या माणसाला अर्धं तिकीट आणि पूर्ण तिकीट यातला फरक कुणी शिकवायचा?

तेव्हा ब्लाइंड खेळा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तरी पानं उचलूच नका, स्वस्तात बाकीच्यांना घाबरवता येतं. दोघे-तिघे चाल करायला लागले की मात्र बघा. तिथेही ब्लाइंडच्या नशेत बसून राहणारा माणूस मूर्ख. काकासुद्धा राजा-राणी-गुलाम पाहिल्यावरच शो म्हणाले. चेहऱ्यावरून ओळखायच्या युक्त्या, मुफलिस (सगळ्यात लहान पानं जिंकतात तो), जोकर, चार पानांतली तीन असले प्रकारही असतात, पण त्यात मला फारसा रस नाही. जोकर आला की वरचे सगळे आकडे बदलतात, एवढं लक्षात ठेवा.

आणि पानं वाटायच्या आधी नियम लिहून घ्या. लिहून. एक्का-दुर्री-तिर्री कुठे बसते, ब्लाइंडसमोर शो आहे की नाही, दोघांची पानं सारखी निघाली तर शो मागणारा हरतो की पैसे वाटून घ्यायचे. लोक हसतील, हसू द्या. मी 2012 पासून दरवर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे हे तीन मुद्दे लिहून काकांची सही घेतो. पहिल्या मुद्द्यावर त्यांनी त्यांचंच खरं केलं, मी सही घेतली. आपण हरलोय हे निदान आधी तरी कळतं.

एक्का-गुलामाच्या हिशोबाबद्दल सांगायचं राहिलं. त्यात आधीच मधे पडलेले पैसे धरलेले नाहीत आणि समोर एकटाच, शेवटपर्यंत न बघणारा माणूस धरलाय. मधे बरेच पैसे असतील तर खालच्या पानांवरही एखाद-दुसरी चाल परवडते. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, तेव्हा निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून उदाहरण दिलं ते तीन पानांच्याच खेळाचं. मला ते पूर्ण पटत नाही, पण पोलिसांपुढे माझं मत चालणार नाही. अड्ड्यावर जाऊ नका. आपला जुगारबंदीचा कायदा 1887 चा असला तरी जिवंत आहे. आणि पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचं डोक्यात असेल तर केंद्राने 2025 मध्ये त्यावर बंदीचा कायदा केलाय. घरी, सणाला, सुट्ट्या पैशांत, इतपतच.

यंदाच्या गणपतीत काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांत थेंब, समोरचं धड दिसत नाही, त्यामुळे रात्रभर ब्लाइंडच. शेवटच्या डावात पुन्हा ते आणि मीच उरलो. दोनशे दहा रुपये घेऊन गेले. माझ्याकडे एक्का-नव्वी होती.