विश्वाचं वय प्रसरणाच्या वेगावरून कसं काढतात?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. विश्व दर मेगापार्सेकला सेकंदाला साधारण 70 किमी या रेटने प्रसरण पावतंय आणि त्यावरूनच त्याचं वय 1380 कोटी वर्षं निघतं असं वाचलं. पण रेटमधून वर्षं येतात कुठून? आणि आता 67 की 73 असा वाद चाललाय, मग वयही बदलणार का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : हो, बदलणार. रेट जास्त तर वय कमी.

आता वर्षं कुठून येतात ते बघ. समज सीएसएमटीहून सगळ्या लोकल एकदमच सुटल्या, एक आत्ता दादरला म्हणजे 9 किमीवर आहे आणि तिचा स्पीड ताशी 9, दुसरी ठाण्याला 34 किमीवर आणि तिचा ताशी 34, मग अंतर भागिले स्पीड कुठल्याही गाडीसाठी केलंस तरी उत्तर एकच, तासाभरापूर्वी सुटल्या. दीर्घिकांचं तसंच, जेवढी लांब तेवढी जोरात लांब जातेय. (फक्त विश्वाला सीएसएमटी नाही, कुठल्याही दीर्घिकेवरून बघितलं तरी असंच दिसतं.) मेगापार्सेक म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षं, म्हणजे तेही अंतरच, किमीला किमी कटतात आणि उरतो फक्त काळ. सोपं सूत्र हवं तर 97,800 ला रेटने भाग, उत्तर कोटी वर्षांत येतं. 70 घेतलास तर जवळपास 1400.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने 1929 मधे जो रेट काढला तो होता 500 च्या आसपास. भागून बघ, 200 कोटी वर्षंसुद्धा येत नाहीत, म्हणजे विश्व पृथ्वीपेक्षा वयाने लहान! गणित बरोबर होतं, अंतरं चुकली होती. ही अंतरं सेफिड ताऱ्यांवरून (ठरावीक लयीत तेज कमी-जास्त होणारे तारे) मोजतात, आणि ते दोन प्रकारचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने 1952 मधे मांडलं, त्याने अंतरं दुप्पट झाली आणि वयही दुप्पट झालं. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजचा वादसुद्धा बराचसा अंतरं मोजण्याचाच आहे.

पण रेट कायम तोच नव्हता ना, ही खरी गोम आहे. गुरुत्वाकर्षण ब्रेक लावतं. विश्वात फक्त पदार्थच आहे असं धरलं तर वय 1400 च्या दोन तृतीयांश येतं, म्हणजे 930 कोटी, आणि गोलाकार तारकागुच्छांमधले जुने तारे तर 1200-1300 कोटी वर्षांचे. विश्वापेक्षा तारे जुने कसे असतील? 1998 मधे सुपरनोव्हांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांवरून दोन टीमना कळलं की प्रसरण उलट वाढतंय, त्यामागे जे काही आहे त्याला डार्क एनर्जी म्हणतात. म्हणजे आधी ब्रेक आणि गेली 500-600 कोटी वर्षं अॅक्सिलरेटर, दोन्हींचा हिशोब मिळून वय साध्या भागाकाराच्या 95-96 टक्के भरतं.

आता 67 आणि 73. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या मायक्रोवेव्ह प्रारणावरून 67.4 काढला, त्यातूनच 1380 कोटी येतात. सेफिड आणि सुपरनोव्हांवरून येतो 73, बाकी सगळं तसंच ठेवलं तर वय 1300 कोटींच्या थोडं खाली जातं, आणि मग सगळ्यात जुन्या ताऱ्यांना जागा पुरेनाशी होते. ताऱ्यांच्या वयातही 50-100 कोटींचा फरक सहज पडू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून 73 चूक म्हणता येत नाही. बारावीच्या गणिताला मात्र 70 घेतलास तरी चालेल.