फोर्कलिफ्टची मोटर फिरवून बघायचीय? १२ व्होल्टच बास

प्रश्न: भंगारातून फोर्कलिफ्टची ४८ व्होल्टची डीसी मोटर आणलीय, जुनी जीप इलेक्ट्रिक करायचीय. मित्र म्हणतो चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोड आणि फुल स्पीडला फिरवून बघ. करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अजिबात नको! चारातल्या तीन बॅटऱ्या बाजूला ठेवा, १२ व्होल्टची एकच घ्या. फील्डचे (बाहेरच्या स्थिर गुंडाळीचे, खूण एस१-एस२) बोल्ट आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या, खूण ए१-ए२) बोल्टांएवढेच जाड असतील तर मोटर बहुतेक सिरीज वाउंड आहे, म्हणजे दोन्हींतून एकच करंट जातो (बारीक असतील तर थांबा, तिची जोडणी वेगळी). सिरीज मोटरला लोड नसला की करंट कमी होतो, तोच करंट फील्डमधून जात असल्यामुळे फील्डही कमजोर पडतं आणि मग स्पीड वाढतच जातो, कुठे थांबत नाही. घरचा मिक्सर रिकामा चालवला की कसा किंचाळतो, तीच जात, फक्त तो छोटा असल्यामुळे घर्षण आणि पंख्याची हवा त्याला आवरतात. ही मोठी मोटर ४८ व्होल्टवर मोकळी सोडलीत तर कम्युटेटरच्या (कार्बन ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) पट्ट्या उखडून बाहेर येतात, मग दुरुस्ती वगैरे विसरा.

१२ व्होल्टवरसुद्धा पहिला झटका जबरदस्त असतो, मोटर टेबलावरून उडी मारते. म्हणून आधी व्हाइसमध्ये किंवा पट्टी-बोल्टने घट्ट आवळा. शाफ्टच्या खाचेत चावी (चाक शाफ्टला पक्कं धरणारा धातूचा छोटा तुकडा) राहिलीय का बघा, असेल तर काढा, नाहीतर ती गोळीसारखी सुटते आणि हे लोक हमखास विसरतात. हातातली अंगठी, कडं काढा, गॉगल घाला.

ए२ ला एस१ जोडा, बॅटरी ए१ आणि एस२ वर. जम्पर केबलचा शेवटचा चिमटा मोटरच्या टोकाला लावायचा, बॅटरीवर नाही, कारण चार्ज करून आणलेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो आणि ठिणगी तर पडणारच. मध्ये घरातला एमसीबी टाकू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ब्रेकर उघडताना पडणारा आर्क (सलग ठिणगी) विझतो, डीसीत तसं होत नाही, त्यामुळे डीसीचाच ब्रेकर किंवा फ्यूज घ्या.

पाच-दहा सेकंद फिरवा, बास. बेअरिंगची घरघर ऐका, ब्रशकडे बघा. बारीक निळसर ठिणग्या चालतील, पण कम्युटेटरभोवती गोल आगीचं कडं दिसलं तर लगेच चिमटा काढा आणि वाइंडरकडे न्या.