लहान ट्रॅक्टरचा सेल्फ जड फिरतो : बॅटरी बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न : तासगाव तालुक्यात मणेराजुरीच्या शिवारात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. ब्लोअरसाठी (फवारणी यंत्रासाठी) अठरा अश्वशक्तीचा लहान डिझेल ट्रॅक्टर आहे. महिनाभरापासून पहाटे चावी फिरवली की इंजिन फार जड फिरते आणि थांबते. ऊन वर आल्यावर कधी कधी चालू होते. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी बसवली आहे. आता पुन्हा बॅटरी बदलावी की स्टार्टर (सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर)?

उत्तर : पुढील तपासणी पूर्ण होईपर्यंत आपण या दोन्हींपैकी काहीही विकत घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पलूस आणि मिरज भागातील बागायतदारांकडूनही हीच तक्रार येते आणि बहुतेक वेळा तपासणीविना नवी बॅटरी घेतलेली असते. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस पडला, तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी सकाळच्या काही तासांतच उरकावी लागते. त्या सकाळी ट्रॅक्टर उभा राहिला तर नुकसान थेट घडांचे होते, म्हणून या बिघाडाकडे किरकोळ म्हणून पाहू नये.

प्रथम तक्रार नेमकी ओळखावी. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, तर दोष डिझेल, फिल्टर किंवा पाइपात शिरलेल्या हवेत शोधावा. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येऊन इंजिन हलतही नसेल, तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा अगदी उतरलेली बॅटरी हे संशयित ठरतात. आपले इंजिन फिरते, पण जड फिरते. म्हणजे स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही, किंवा पोहोचलेला करंट स्टार्टर वा इंजिन वाजवीपेक्षा जास्त खात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. वेग कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही. थंड पहाटे ही अडचण वाढते, कारण बॅटरीची ताकद घटते आणि ऑईलही घट्ट होते. तरीही आपल्याकडील थंडी हे मूळ कारण मानू नये. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला तरी निरोगी बॅटरी आणि स्वच्छ जोडण्या असलेला ट्रॅक्टर चालू व्हायलाच हवा. थंडी केवळ आधीपासून असलेला दोष उघड करते.

हा दोष बहुधा जोडण्यांत असतो, हे एका साध्या हिशेबाने समजेल. अशा इंजिनाचा स्टार्टर फिरताना साधारण शंभर ते दोनशे अँपिअर करंट ओढतो. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट बुरशीमुळे तेथे ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा निर्माण झाला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट त्या एका सांध्यातच जिरतो. बारा व्होल्टांतला दीड व्होल्ट असा वाया गेल्यावर स्टार्टरने जोर कोठून आणावा? हेडलाइटला मात्र जेमतेम आठ-दहा अँपिअर लागत असल्याने दिवे लख्ख दिसतात आणि ‘बॅटरी चांगली आहे, स्टार्टरच गेला’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. द्राक्षबागेत तर मोरचुदाचे आणि इतर औषधांचे तुषार वर्षभर ट्रॅक्टरवर बसतात, वरून पाण्याने धुलाईही होते. त्यामुळे बॅटरीचे लग (खांबांवर आवळलेली केबलची टोके) आणि चेसिसला (ट्रॅक्टरच्या सांगाड्याला) जोडलेली अर्थिंगची पट्टी इतर शेतीपेक्षा येथे लवकर खराब होते. एका बागेत दोन बॅटऱ्या बदलूनही तक्रार कायम राहिल्याचे मी पाहिले आहे. दोष निघाला तो अर्थिंगच्या बोल्टखाली राहिलेल्या रंगाच्या थरात. रंग खरवडून बोल्ट आवळल्यावर त्याच बॅटरीवर इंजिन जोमाने फिरले.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर आणि मदतीला एक माणूस पुरेसा आहे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हॅंडब्रेक लावावा, पीटीओ (ब्लोअरसारख्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) सोडवावा, आणि सदऱ्याच्या बाह्या, उपरणे फॅन व पीटीओ शाफ्टपासून दूर ठेवावे. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरावी.

रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचे व्होल्टेज सकाळी चावी न लावता मोजावे. ते १२.६ किंवा अधिक असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असल्यास साधारण निम्मी उतरलेली आहे, आणि १२ च्या खाली असल्यास चार्ज केल्याशिवाय पुढील कोणत्याही मापाला अर्थ नाही. चार्जिंग सावकाश करावे. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सहा अँपिअरच्या आसपास करंट योग्य. त्यानंतर मीटर बॅटरीवरच ठेवून मदतनीसाला सेल्फ मारायला, म्हणजे चावी फिरवून स्टार्टर चालवायला सांगावे. या वेळी सुई किती खाली जाते, यावरच पुढचा निर्णय अवलंबून आहे. भरलेली बॅटरीसुद्धा ९.६ व्होल्टांच्या खाली कोसळली, तर बॅटरी आतून थकली आहे किंवा स्टार्टर-इंजिन जास्त करंट ओढत आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरची तेवढ्याच क्षमतेची चांगली बॅटरी लावून पाहिल्यास यांतील कोणते ते ठरते. याउलट, व्होल्टेज अकराच्या आसपास टिकून राहिले आणि तरीही इंजिन जडच फिरले, तर बॅटरी निर्दोष समजावी. अशा वेळी दोष केबलमध्ये किंवा स्टार्टरच्या आत आहे.

केबल अशी तपासावी. मीटरची लाल टोकणी बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे लगवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर टेकवावी. काळी टोकणी स्टार्टरच्या जाड बोल्टवर ठेवावी आणि सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तेवढा व्होल्टेज वाटेतच हरवत आहे. मग ऋण खांब आणि स्टार्टरच्या अंगाचा रंगविरहित भाग यांच्यामध्ये हेच माप घ्यावे. येथे पाव व्होल्टच्या आसपासची मर्यादा धरावी. बहुतेकांकडून हे दुसरे माप राहून जाते आणि दोष मात्र बरेचदा तेथेच सापडतो. मीटर नसल्यास, दोन-तीन वेळा सेल्फ मारून झाल्यावर लग आणि सांधे हाताने अलगद चाचपावेत. जो सांधा गरम लागेल तो दोषी आहे.

साफसफाई करताना ऋण केबल आधी सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी, म्हणजे पाना चेसिसला लागून ठिणगी पडणार नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ज्वलनशील असतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको. बॅटरीची झाकणे घट्ट करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बुरशी धुवावी, खांब आणि लगची आतील बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावी, लग आवळावा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीच्या आतील शिशाच्या पट्ट्यांचे आयुष्य घटवतात, आणि पातळी उतरली म्हणून वरून आम्ल कधीही ओतू नये.

आपली बॅटरी आठ महिन्यांचीच आहे, त्यामुळे ती उतरत असेल तर का उतरते, हेही शोधणे आवश्यक आहे. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याहून बरेच कमी मिळाल्यास फॅन बेल्ट सैल आहे किंवा अल्टरनेटर व त्याच्या तारांत दोष आहे. थेट बॅटरीला जोडलेले गाण्यांचे टेप किंवा जादा दिवेही रात्रभर करंट खातात. द्राक्षांचा माल उतरल्यानंतर खरड छाटणीपर्यंत (उन्हाळ्यातील छाटणीपर्यंत) ट्रॅक्टर उभाच राहत असेल, तर उन्हाळ्याच्या उष्णतेने बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की पट्ट्यांवर कठीण सल्फेट जमते, जे नंतरच्या चार्जिंगनेही पुरते निघत नाही. त्या काळात ऋण केबल काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

वरील सर्व मापे योग्य आली आणि तरीही सेल्फ जड राहिला, तरच स्टार्टर खोलावा. त्यात झिजलेले कार्बन (करंट आत नेणारे ब्रश), किंवा बुश झिजल्यामुळे आत घासणारे आर्मेचर (स्टार्टरचा आतील फिरणारा भाग), हे नेहमीचे दोष आहेत आणि दोन्ही दुरुस्त होतात. संपूर्ण नवा स्टार्टर घेण्याची वेळ क्वचितच येते. ऑईलची पातळी आणि ग्रेड माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवावी. क्लच दाबून सेल्फ मारल्यास गिअरबॉक्सचे ओझे उतरते, ही सवय लावून घ्यावी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर स्टार्टरची वाइंडिंग जळते.

प्रश्न : अडचणीच्या वेळी मालवाहू ट्रकच्या बॅटरीवरून ट्रॅक्टर चालू करावा का? (पलूस)

उत्तर : अनेक ट्रकमध्ये २४ व्होल्टांची जोडणी असते, ती बारा व्होल्टांच्या ट्रॅक्टरला लावू नये, अल्टरनेटर आणि दिवे दोन्ही जातील. बारा व्होल्टांच्या वाहनावरून घेताना धन खांबाला धन जोडावा, ऋण केबलचे दुसरे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे.

प्रश्न : आमचे इंजिन थोडे फिरते आणि काहीतरी आडवे आल्यासारखे एकदम अडकते. हेही बॅटरीमुळेच होते का? (मिरज)

उत्तर : नाही. एकसारखे जड फिरणे आणि ठरावीक जागी अडकणे हे दोन वेगळे दोष आहेत. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि सेल्फचा जोर लावत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. रेडिएटरचे पाणी विनाकारण घटत असेल किंवा ऑईल दुधाळ दिसत असेल, तर हा संशय बळावतो. सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे, ट्रॅक्टर धक्का मारून किंवा ओढूनही चालू करू नये, आणि अनुभवी मिस्त्रीकडून इंजेक्टर काढून सिलिंडर आधी मोकळा करून घ्यावा.