पाणी नेमकं मुरतंय कुठं?

प्रश्न : आमच्या सोसायटीत 24 फ्लॅट आहेत. बहुतेक जण बादलीनंच अंघोळ करतात, पाइप लावून गाड्या धुणं बंद केलंय. तरी मार्च उजाडला की टँकर मागवावा लागतो. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. घरटी चार माणसं धरली तर तुम्हाला रोज सुमारे 13 हजार लिटर पुरायला हवं. मीटरवरचा आकडा त्याहून बराच जास्त येत असेल, तर रहिवाशांना आणखी काटकसर करायला सांगण्याआधी गळती शोधा.

माझा पहिला संशय फ्लशच्या टाक्यांवर. टाकीच्या तळाचं रबरी सील कडक झालं किंवा त्यावर क्षार बसले की कमोडच्या आतून पाण्याची पातळ धार सरकत राहते. आवाज नाही, फरशी ओली नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. टाकीचं झाकण काढून खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर सील बदला. टाकीतलं पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढत असेल, तर फ्लोट थोडा खाली घ्या. एका रविवारी चोवीसही घरांत हे करून घ्याच.

मग जमिनीखालची टाकी. रात्री मोटार आणि येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, पातळीशी खूण करा. पहाटे पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर टाकीला तडा आहे. गच्चीवरची टाकी अंदाजानं भरली जात असेल तर मोटारीला फ्लोट स्विच बसवा. वॉचमनवर सगळा भार टाकणं बरोबर नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. नवीन पाणी आलं की सासूबाई आधीचं 'शिळं' म्हणून ओतून देतात. कसं समजवावं? (जालना)

उत्तर : झाकलेलं पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. ते बिघडतं बुडवलेल्या हातांनी. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा पिंप घ्या. सासूबाईंची काळजी अनाठायी नाही, हे आधी मान्य करा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामा करून कडा खसखसून घासा. त्या दिवशी उरलेलं पाणी संडासात, फरशी पुसायला वापरा. रोज ओतून देण्याची मात्र काहीच गरज नाही.

प्रश्न : नळ कितीही पिळला तरी ठिबकतोच.

उत्तर : पिळू नका, वायसर अजून कापला जातो. वरचा व्हॉल्व्ह बंद करून वायसर बदला, काम काही मिनिटांचं आहे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण 20 लिटर.

प्रश्न : आरओमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना घातलं तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : आधी आरओ हवाय का, ते बघा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. धरणाचं, महापालिकेनं शुद्ध केलेलं पाणी बहुधा त्याच्या आतच असतं आणि तिथं यूव्ही फिल्टर पुरतो. एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं यंत्र अशा घरात लावलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, एकदा मोजून बघा.

बोअरचं पाणी असेल तर आरओ ठेवा, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते रोज कुंडीत गेलं की मातीवर पांढरी साय धरते, पानांची टोकं करपतात. ते बादलीत धरून फ्लशला आणि फरशीला वापरा.