मॉपचा हिशेब: ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटी) काउंटविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे प्रत्येक शस्त्रक्रियेत काउंट (मॉप, गॉज, सुया वगैरेंची मोजणी) होतो, दोघी सिस्टरांच्या सह्या होतात. मग पोटात मॉप (रक्त टिपायचा कापडी पॅड) राहतो तिथे काउंट झालेलाच नसतो, असं समजायचं का?

नाही, बहुतेकदा उलटंच असतं. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, वस्तू आत राहिलेल्या ज्या शस्त्रक्रियांमध्ये काउंट केला होता, त्यांतल्या ८८ टक्के नोंदींत तो 'बरोबर' होता. आकडा जुळला, वस्तू आतच.

हे कसं होतं ते पाहा. पाच मॉपच्या पाकिटात कारखान्यातूनच सहा आले. पाकीट उघडताना मॉपभोवतीची बांधणीची पट्टी न सोडता 'पाच' लिहिलं गेलं. शेवटी बाहेर पाच निघाले, काउंट लिहायच्या फळ्यावरही पाचच. सहावा प्लीहेच्या मागे. किंवा कुणीतरी गॉज कापून अर्धा वापरला आणि दोन तुकडे दोन गॉज म्हणून मोजले गेले. किंवा ड्रेसिंगचा साधा गॉज आधीच उघडला होता, तो बकेटमध्ये पडला आणि आत राहिलेल्या गॉजची जागा त्याने भरून काढली. म्हणून ड्रेसिंगचं सामान शेवटचा काउंट झाल्यावरच उघडायचं, आणि क्ष-किरणात दिसणारा धागा असलेला गॉज ड्रेसिंगला कधीच वापरायचा नाही. नाहीतर पुढे एक्स-रेमध्ये तो धागा आत आहे की पट्टीत, हाच घोळ होतो.

प्रश्न: काउंट नेमका कधी आणि कसा करावा? प्रत्येक सिनिअर वेगळं सांगते.

पहिला काउंट चीर देण्याआधी. नंतर काहीही नवीन उघडलं की तेव्हाच. पोकळीतली पोकळी बंद करण्याआधी, म्हणजे सिझेरियनमध्ये गर्भाशय शिवण्याआधी. पोट बंद करायला घेताना. त्वचेचे टाके घालताना. स्क्रब सिस्टर (सर्जनला हत्यारं देणारी) किंवा सर्क्युलेटिंग सिस्टर (बाहेरून सामान पुरवणारी) कायमची बदलत असेल तर त्या वेळीही.

दोघींनी एकाच वेळी, मोठ्याने, आणि दोघींची नजर त्याच वस्तूवर. एकीने आकडा सांगायचा आणि दुसरीने पाठ फिरवून लिहायचा, याला काउंट म्हणत नाहीत. प्रत्येक मॉप सुटा करून पूर्ण उलगडायचा. धागा आहे का, शेपटी (मॉपची लांब फीत) शिवलेली आहे का ते बघायचं. पाकिटात एक कमी किंवा जास्त निघाला तर 'चार लिहून टाकू' नाही. अख्खं पाकीट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. त्यातला एकही वापरायचा नाही.

क्रम ठरलेला ठेवा: आधी जखम, मग मेयो ट्रॉली (रुग्णाजवळची हत्यारांची छोटी ट्रॉली), मग मागची ट्रॉली, शेवटी बकेट. मध्येच कुणी हाक मारली तर त्या प्रकारची वस्तू पुन्हा पहिल्यापासून मोजायची. वापरलेले मॉप बकेटमध्ये ढिगाने राहू देऊ नका, कारण रक्ताने भिजलेले दोन मॉप सहज एक दिसतात. खिशांची टांगती पिशवी असेल तर एका खिशात एकच मॉप. शेवटी रिकामा राहिलेला खिसा लांबूनही दिसतो. सुयांच्या बाबतीत पाकिटावरच्या छापील आकड्यावर विसंबू नका, उघडल्यावर खात्री करा. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे हातात आल्याशिवाय ती 'एक' होत नाही. आणि शेवटचा काउंट होईपर्यंत कचऱ्याची किंवा कपड्यांची एकही पिशवी खोलीबाहेर जाता कामा नये. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण पुढची केस घ्यायची घाई असते.

प्रश्न: काउंट सिस्टरांचं काम. सर्जनने त्यात काय करायचं? (सर्जरीचा रेसिडेंट)

बाहेर काय आहे ते सिस्टर मोजतात; आत काय आहे ते फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून 'काउंट घ्या' म्हणण्याआधी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं हत्यार) काढून डोळ्यांनी आणि हाताने पोट तपासा: यकृताच्या वर आणि खाली, प्लीहेभोवती, मोठ्या आतड्याच्या दोन्ही कडांच्या खाचा, लहान आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये, शेवटी ओटीपोटात मागपर्यंत. काउंट जुळल्यावर मग बघू, हा क्रम चुकीचा आहे. 'बरोबर' हा शब्द एकदा कानावर पडला की शोधणारा हात ढिला पडतो.

उघड्या पोटात सुटा छोटा गॉज टाकू नका. तो होल्डरवर धरा किंवा शेपटीचा मॉप वापरा आणि शेपटीला आर्टरी फोर्सेप्स (पकडीचा चिमटा) लावून बाहेर ठेवा. काही आत दाबून ठेवलंत तर मोठ्याने सांगा, 'डाव्या डायफ्रॅमखाली एक मॉप', आणि ते फळ्यावर लिहिलं जाऊ द्या. वर सांगितलेल्या अभ्यासात तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका सुमारे नऊपट आणि शस्त्रक्रियेचा बेत आयत्या वेळी बदलला तर सुमारे चौपट आढळला. रुग्ण स्थूल असेल तरही वाढतो. नेमक्या याच केसमध्ये 'काउंट राहू द्या' असं म्हटलं जातं.

प्रश्न: काउंटमध्ये एक मॉप कमी आला आणि सर्जन म्हणाले, 'बकेटमध्येच असेल, बंद करतो.' तेव्हा काय करावं?

कमी असल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा आणि किती वाजता सांगितलं ते लिहा. रुग्णाची स्थिती झेपणारी असेल तर टाके तिथेच थांबतात. सर्जनने जखम पुन्हा तपासायची; त्याच वेळी बाकीच्यांनी ड्रेपच्या (रुग्णावर पसरलेल्या कापडांच्या) घड्या, टेबलाखाली, बकेट, कपड्यांच्या पिशव्या, चपलांचे तळवे बघायचे. मग पूर्ण काउंट पुन्हा. तरीही सापडला नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे. त्यात अख्खं पोट आलं पाहिजे. गरज पडली तर दोन फिल्म. रेडिओलॉजिस्टला 'पोटाचा एक्स-रे' एवढंच लिहून पाठवू नका. कोणती वस्तू हरवली आहे ते सांगा. मॉपचा धागा वळ्या घालून पडलेला असतो आणि हाडावर आला तर नजरेतून निसटतो. दहा मिलिमीटरहून लहान सुई तर एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, तेव्हा फिल्म स्वच्छ आली म्हणून सुई आत नाही असं म्हणता येत नाही.

रुग्ण अगदीच अस्थिर असेल तर बंद करून आयसीयूत न्यावं लागतं. पण काउंट अपुरा असल्याची नोंद आणि एक्स-रे किंवा सीटीचं काम त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. बारकोड किंवा रेडिओ-चिप असलेले मॉप उपयोगी आहेत, पण हाताने मोजण्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

प्रश्न: नॉर्मल डिलिव्हरीतही हे लागू होतं का?

होय, आणि तिथेच काउंट सर्रास वगळला जातो. एपिसिओटमीचे (प्रसूतीत योनीमुखाला दिलेल्या चिरेचे) टाके घालताना वर सरकवलेला गॉज योनीमार्गात राहतो आणि काही दिवसांनी दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो. आधी आणि नंतर मोजा, शेपटी असलेला टॅम्पॉनच वापरा, टाके झाल्यावर बोटाने तपासा.

प्रश्न: वडिलांच्या पोटात डॉक्टरांनी मुद्दाम मॉप ठेवून पोट तात्पुरतं झाकलं आहे. हा निष्काळजीपणा नाही का?

नाही. रक्तस्राव आवरत नसेल तर दाबासाठी मॉप ठेवून साधारण एक ते तीन दिवसांत ते काढतात. तुम्ही विचारायचं ते असं: किती ठेवले, ते केस पेपरवर लिहिलंय का, आणि कधी काढणार? ते काढताना नेहमीच्या काउंटवर भागत नाही, कारण सुरुवात दुसऱ्या टीमने केलेली असते. म्हणून पोट कायमचं बंद करण्याआधी एक्स-रे घेतात. तो घेतला का, हेही विचारा.