थांबलो तर तयारी जाईल, नाही थांबलो तर हात

वाजवताना मनगट दुखतं. थांबलो तर तयारी जाईल, नाही थांबलो तर हातच जाईल. काय करू? वाद्य शिकणारे हा प्रश्न शब्द बदलून विचारत येतात. सतार असो, गिटार असो, पियानो असो. मनगटासाठी समुपदेशकाकडे कशाला, असं घरच्यांना वाटतं आणि त्यात तथ्य आहे. आधी डॉक्टरांकडेच जायला हवं. पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण नेमकं तेच टाळून आलेले असतात.

तबला शिकणारा एक तरुण असाच आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) परीक्षा तोंडावर आली म्हणून त्याने रोजचा तासाभराचा रियाज एकदम चार तासांवर नेला आणि काही दिवसांतच डावं मनगट बोलायला लागलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, गुरुजींना तर नाहीच.

माझ्याशी बोलताना तो उजव्या अंगठ्याने डाव्या मनगटाची आतली बाजू दाबायचा, हात गोल फिरवायचा, परत दाबायचा. "काय बघतोयस?" मी विचारलं. "अजून दुखतंय का ते." दिवसातून कितीदा, हे त्याला सांगता येईना. पुढच्या भेटीपर्यंत मोजायला सांगितलं, तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तो मोजून कंटाळला होता. दुखरी जागा सतत दाबली की ती आणखी हुळहुळी होते, शिवाय सगळं लक्ष तिथेच खिळून राहतं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, की दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. पण त्याच्यावर चाललेला हा पहारा मात्र आपण कमी करू शकतो. दाबावंसं वाटलं की हात मांडीवर मोकळा सोडायचा आणि तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांची एक फेरी, मनात म्हणायचं, एवढंच ठरवलं.

डॉक्टरांकडे का जात नव्हता? "आता वाजवू नका" हे ऐकायची भीती. त्यात त्याने कुठेतरी जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानबद्दल वाचलं होतं. उजव्या हाताच्या दुखण्याने शुमानचं पियानोवादक होणं राहून गेलं, हे खरंच आहे. मग मीही अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरचं नाव काढलं. 1964 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळायला लागली. तो डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला आणि 1990 च्या दशकात पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. खरं तर अशी उदाहरणं मला फारशी आवडत नाहीत. फ्लायशरचा आजार मेंदू आणि स्नायूंच्या ताळमेळाचा होता, अतिरियाजाने दुखावलेलं मनगट ही वेगळी गोष्ट आहे. पण भीतीने एक गोष्ट पुढे केली की तिच्यासमोर दुसरी ठेवावी लागते.

शेवटी हा तरुण डॉक्टरांकडे गेला. अतिताणामुळे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दुखावलं होतं, नस दबलेली नव्हती. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणं, रात्री बधिरपणाने जाग येणं, हातातून वस्तू निसटणं, सूज किंवा विश्रांतीतही न थांबणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर मात्र एक दिवसही वाट पाहू नये.

तीन आठवडे डग्गा, म्हणजे डाव्या हाताने वाजवायचा मोठा तबला, बंद, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. रियाज म्हणजे हात चालणं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी पढंतीची, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याची, आठवण करून दिली. हाताने ताल धरून कायदा (तबल्याची एक बांधीव रचना) आणि त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, तोंडाने स्वच्छ म्हणायचे. पियानोवरच्या एका प्रयोगात, 1995 साली, बोटांचा सराव फक्त मनातल्या मनात करणाऱ्यांच्याही मेंदूतल्या हालचालींच्या भागात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखेच बदल दिसले होते. हे ऐकून तो जरा सावरला.

गुरुजींना सांगणं सगळ्यात जड गेलं. "सर, हात जरा..." यापुढे वाक्य सरकेना. माझ्यासमोर आम्ही ते पुरं केलं: "सर, डावं मनगट दुखतंय. डॉक्टरांनी तीन आठवडे डग्गा बंद सांगितलाय. मी पढंतीला येऊ का?" कारण आणि मागणी एकाच दमात सांगायची, म्हणजे मध्ये माफी मागायला जागा उरत नाही. गुरुजी आधी चिडले, इतके दिवस लपवलं म्हणून. मग त्याला नुसतं बसायला लावून त्यांनी बैठक पाहिली. डग्गा अंगापासून लांब होता. घुमाऱ्यासाठी, म्हणजे घुमणाऱ्या आवाजासाठी, पुडीवर (वरच्या कातड्यावर) दाब देताना मनगट मागे मुडपत होतं, आणि खांद्याऐवजी सगळा भार तिथेच पडत होता. डग्गा जवळ घेतला, त्याच्याखालची चुंबळ बदलली.

तीन आठवड्यांनंतर दहा-दहा मिनिटं, संथ लयीत, मध्ये हात सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच पुढची पाच मिनिटं वाढवायची, हा फिजिओथेरपिस्टचा नियम. त्या सत्रात परीक्षा हुकली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तो घालवायची मलाही घाई नाही. सध्या तो अर्धा तास वाजवतो. रेल्यांना, म्हणजे जलद लयीतल्या रचनांना, अजून हात लावलेला नाही.