जुना हार्वेस्टर घेताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

पेरण्या उरकल्या की जुन्या हार्वेस्टरच्या चौकशा सुरू होतात. या वेळचे प्रश्न बहुतेक वाशिम, लातूर, भंडारा या पट्ट्यातले आहेत. ज्या प्रश्नात पैसे बुडण्याची भीती जास्त, त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : पंजाबातून आलेला दहा वर्षांचा, चौदा फुटी कटरबारचा (पीक कापणाऱ्या पुढच्या पात्याचा) हार्वेस्टर विकायला आहे. रंग नवा, टायर बरे, इंजिन एका सेल्फला सुरू होतं. बघायला जाताना नेमकं काय पाहू? (रिसोड, जि. वाशिम)

आधी मालकाला सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. खरी परीक्षा थंड इंजिनाचीच. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑईल जळतंय. पांढरा धूर पाच-दहा मिनिटांनीही थांबत नसेल तर नोझल (डिझेल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. ऑईल भरायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे आतून उलटा येणारा धूर-वारा, किती मारतंय ते बघा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे इंजिन थंड असतानाच पाहून घ्या.

तरीही माझं मत असं, की जुन्या हार्वेस्टरमध्ये इंजिन ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या शेतीयंत्रांना ट्रेम-4 हे धुराचे निकष लागू झाले. त्याआधीची बहुतेक इंजिनं साध्या मेकॅनिकल पंपाची आहेत आणि तालुक्याचा चांगला डिझेल मिस्त्री ती बांधू शकतो. पैसे खातो तो मळणीचा भाग.

म्हणून इंजिन बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि ड्रमवरचं (शेंगा-कणसं मळणाऱ्या गोल भागावरचं) झाकण उघडायला लावा. ड्रमच्या बारवर तिरक्या खाचा असतात. त्यावरून अंगठा फिरवा. कडा बोटाला टोचली पाहिजे. बार गुळगुळीत झाले असतील तर शेंग नीट फुटत नाही, मग ड्रायव्हर ड्रमचा वेग वाढवतो आणि दाणा फुटायला लागतो. बार बदलताना समोरासमोरची जोडी एकाच वजनाची लागते. एकच बार बदललेला दिसला तर ड्रम थरथरणार आणि बेअरिंग जाणार हे धरून चाला. ड्रमखालची जाळी मधोमध दबलेली असेल तर कधीतरी दगड गेलाय.

मशीन किती धानात चाललंय ते खोदून विचारा. धानाच्या टरफलात सिलिका असते, ती पत्रा घासून काढते. एलिव्हेटरचा (दाणे वर चढवणाऱ्या भागाचा) तळ, दाण्याच्या टाकीखालच्या ऑगरचा (दाणे पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राचा) पन्हाळ, वळणावरचे पत्रे या जागांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. जाड पत्रा घट्ट वाजतो, पातळ झालेला पिचका वाजतो. ऑगरच्या पात्याची कड सुरीसारखी धारदार झाली असेल तर तिचं आयुष्य संपलं. नवा रंग याच जागांवर जाड मारलेला असतो. मागच्या ॲक्सलजवळ चेसिसवर वेल्डिंगच्या गाठी लपल्या आहेत का, तेही पाहा.

मग सगळी मळणी अर्धा तास रिकामी चालवा, बंद करा, सगळं थांबल्यावर एकेका बेअरिंगजवळ हाताची मागची बाजू न्या. जो पोळतो तो बदलायचा. पट्टे, वॉकरचे (भुसा हलवत मागे नेणाऱ्या भागाचे) क्रँक, फीडरची (पीक ड्रमकडे नेणाऱ्या भागाची) चेन ताणून ताणून शेवटच्या आट्यावर आली आहे का, याची यादी करा. कटरबार वर उचलून इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची खडूने टायरवर मांडा. अर्ध्या तासात तो वीतभर खाली आला तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. लॉक लावल्याशिवाय कुणीही त्याच्या खाली वाकायचं नाही.

आवर मीटरवर विसंबू नका, तो बदलता येतो. सौदा ठरलाच तर इसार द्या, पण पूर्ण रक्कम उभ्या पिकात चालवून पाहिल्यावर. मे महिन्यात भंडारा-गोंदियात उन्हाळी धान कापणीला असतं, तिथे नेऊन एक दिवस चालवून दाखवायला सांगता येतं. सप्टेंबरमध्ये सोयाबीन तोंडावर आलं की भावही चढतो आणि बघायला सवडही उरत नाही. शिवाय पार्ट कुठून येणार ते विचारा. आपल्याकडचे बरेचसे हार्वेस्टर नाभा, भादसों, मालेरकोटला, बरनाळा या पंजाबातल्या गावांत बनलेले आहेत. ऐन हंगामात एका पुलीसाठी चार दिवस मशीन उभं राहिलं तर महिन्याची कमाई जाते.

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या मशीनने सोयाबीनची डाळ (फुटलेले दाणे) फार झाली. शेतकरी बियाण्यासाठी माल ठेवतात, ते पुन्हा बोलवायला तयार नाहीत. ड्रायव्हर म्हणतो जाळी मोकळी केली. (औसा, जि. लातूर)

जाळी मोकळी करणं, म्हणजे ड्रम आणि जाळीतलं अंतर वाढवणं, ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी ड्रमचा वेग. गव्हाला मिनिटाला 800-1000 फेऱ्या लागतात आणि कित्येक ड्रायव्हर त्याच वेगावर सोयाबीनमध्ये शिरतात. सोयाबीनला 400 ते 500 फेऱ्या पुरे. बियाण्याचा माल असेल तर 400 च्या खालीच राहा. अंदाजाने सांगू नका, टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) घ्या. तो स्वस्त मिळतो आणि वादच संपवतो. जुन्या मशीनवर वेगाचा पट्टा घसरतो, त्यामुळे केबिनमधला काटा आणि खरा वेग जुळत नाही.

त्यानंतर ओलावा. 13 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान काढणी झाली तर दाणा टिकतो. 10 टक्क्यांवर आलेल्या पिकात दुपारी दोन वाजता मशीन घातलं तर कोणतीही सेटिंग वाचवणार नाही. दाणा फुटतो आणि कटरबारवरच शेंगा तडकतात. असा माल सकाळी दव उडाल्यावर आणि संध्याकाळी काढा.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी बघत नाही. अर्धवट मळलेला माल परत ड्रमकडे नेणाऱ्या एलिव्हेटरचं झाकण उघडा. त्यात सुटे, चांगले दाणे भरून येत असतील तर तोच दाणा दोनदा-तीनदा ड्रम खातोय. म्हणजे चाळणी बंद आहे किंवा वारा जास्त आहे.

बियाण्यासाठी एक परीक्षा जागेवर करता येते. टाकीतले 100 अखंड दिसणारे दाणे पेल्यात पाण्यात टाका. पाच-दहा मिनिटांत जे टरारून फुगतात त्यांच्या सालीला तडा गेलेला आहे, डोळ्याला दिसो न दिसो. सोयाबीन बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरलेली आहे. 100 मधले 15-20 दाणे असे फुगले तर तो माल बियाण्याला ठेवू नका, असं शेतकऱ्याला तुम्हीच सांगा. तो तुम्हाला पुढच्या वर्षी बोलावेल.

मागे किती सांडतंय तेही मोजा. एक चौरस मीटरमध्ये 10 दाणे म्हणजे एकराला साधारण 5 किलो. पण मशीन शिरण्याआधीच गळून पडलेले दाणे आधी मोजून वजा करायचे. मागच्या कुटाराच्या पट्ट्यात दाणे दाट पडतात, म्हणून एकाच जागेवरून हिशोब करू नका, कटरबारच्या पूर्ण रुंदीत तीन-चार ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट टाका.

प्रश्न : घरची 20 एकर आहे. मजूर मिळत नाहीत. नऊ लाखांचा जुना हार्वेस्टर परवडेल का? (मुर्तिजापूर, जि. अकोला)

फक्त घरच्या शेतासाठी, नाही. एकरी 2,000 रुपये दर धरला तरी 20 एकरांचे 40,000 होतात. मशीन भाड्यानेच बोलवा.

भाड्याने चालवायचा विचार असेल तर वहीत असा हिशोब मांडा. आकडे तुमच्या गावचे टाका, मी नमुन्याला धरतो. नऊ लाखांचं मशीन पाच वर्षांनी पाच लाखांना गेलं तर वर्षाची घट 80,000. व्याज पहिल्या वर्षी लाखभर. दुरुस्ती दीड लाख, आणि जुन्या मशीनला यापेक्षा कमी धरूच नका. विमा व शेड 30,000. ड्रायव्हर आणि मदतनीस 1,20,000. झाले 4,80,000. एकरी डिझेल, ग्रीस, दलाली मिळून 700 गेले तर 2,000 मधून हातात 1,300 उरतात. म्हणजे जवळजवळ 370 एकर झाल्यावर तुमचा खर्च निघतो, नफा त्यानंतर.

आता चौदा फुटी कटरबार ताशी तीन किलोमीटरने चालला तर कागदावर सव्वातीन एकर होतात. वळणं, बांध, टाकी रिकामी करणं धरून सव्वादोन. दिवसाला 15 एकर पदरात पडले तरी 370 एकरांना 25 दिवस लागतात, आणि आपल्या भागात सोयाबीनचा हंगाम पावसाच्या खोळंब्यासह जेमतेम तेवढाच असतो. म्हणून एकट्या सोयाबीनवर मशीन घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू मिळणार असेल तरच पुढे जा. हरभऱ्याचे घाटे जमिनीलगत असतील तर कटरबार माती उचलतो. फुले विक्रमसारखा उंच वाढणारा वाण गावात किती पेरला जातो याची आधी चौकशी करा. आणि खिशात नऊ लाख असतील तर सात लाखांचंच मशीन बघा. बाकीचे दोन पहिल्या हंगामाआधी त्यालाच लागणार आहेत.

प्रश्न : धानासाठी जुना चेन हार्वेस्टर (रबरी ट्रॅकवर चालणारा) घ्यावा की टायरचा? (तुमसर, जि. भंडारा)

ओल्या बांधीत (धानाच्या बांधबंदिस्त तुकड्यात) चेनच. टायरचं मशीन चिखलात रुततं आणि बांधीची पातळी बिघडवतं. पण जुन्या चेन मशीनमध्ये रबरी ट्रॅकच सगळ्यात महाग. ट्रॅकच्या आतली पोलादी तार कुठे उघडी पडली आहे का, खालचे रोलर हलतात का, स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले आहेत का, एवढं पाहूनच भाव बोला. हे मशीन डांबरी रस्त्यावर चालवत न्यायचं नसतं, वाहून न्यायला गाडी लागते. तो खर्च दरात धरा.

प्रश्न : परराज्यातल्या मशीनचे कागद कोणते घ्यावेत? (रिसोडचेच वाचक)

आरसी बुकातला चेसिस आणि इंजिन नंबर मशीनवर स्वतः वाचून जुळवा, रंगाखाली असेल तर खरवडून. मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) म्हणजे फॉर्म 28, हस्तांतराचे 29 आणि 30, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा 35 आणि बँकेचं पत्र. फक्त स्टॅम्प पेपरवरचा सौदा पुरत नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा कागदावरच्या मालकावर आणि ताबा असणाऱ्यावर, दोघांवर येतो. यंत्र अनुदानावर घेतलेलं असेल तर विक्रीबद्दलच्या अटी काय होत्या ते लेखी मागा.

प्रश्न : आमच्या शिवारात चालू हार्वेस्टरने पेट घेतला. जुन्या मशीनला हे कसं टाळायचं? (औसा)

आगीची सुरुवात बहुतेक तीन जागी होते : सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर साचलेला भुसा, जाम झालेलं बेअरिंग आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. हंगाम संपल्यावर मशीन तसंच शेडमध्ये लावलं तर टाकीत आणि एलिव्हेटरमध्ये उरलेल्या दाण्यांवर उंदीर वर्षभर राहतात. म्हणून आधी सगळी झाकणं उघडून हवा मारा, मशीन रिकामं चालवा, पट्टे सैल करा, चेनला ऑईल द्या, बॅटरीचं टर्मिनल काढा. हंगामात रोज दुपारी पंधरा मिनिटं थांबून मॅनिफोल्ड झाडायचा, शेत कितीही बाकी असो. ड्रायव्हरला हाताशी दोन अग्निशामक सिलिंडर आणि 20 लिटर पाणी द्या.

विजेच्या तारांबद्दलही सांगून ठेवतो. शेतातल्या लोंबत्या तारा टाकीवर उभ्या माणसाच्या उंचीला येतात. मशीन चालू असताना टाकीवर कुणालाही चढू देऊ नका. तार लागलीच तर वीज बंद होईपर्यंत ड्रायव्हरने जागा सोडायची नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी दूर जायचं. हे ड्रायव्हरला आणि मदतनीसाला हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्यक्ष करून दाखवा.